आधी खोका, मग माणूस

“खोका आला की कोनाला हात लावू देऊ नको. मी येईन, मी बसेन, मंगच दोरी कापायची. आईकलंस ना राही?”

मस्कतहून फोनवर हे तीनदा बोलले. हे म्हणजे माझे यजमान. गाव त्यांना दादू म्हणतं. मी नाव घेत नाही, तेवढी जुनी रीत माझ्याकडून मोडवत नाही.

मला हसू आलं होतं. दोरी त्यांनीच कापायची हे मला सांगायला लागतं का? आमची वाडी म्हसळ्यापासून आठ किलोमीटर आत, घरं चाळीस, आणि त्यातली सात माणसं आखातात. रजेवर येणारा माणूस आधी खोका जहाजानं पाठवतो आणि चाळीस दिवसांनी स्वतः विमानानं येतो, खांद्याला एक पिशवी लावून, जणू बाजारातून आलाय. विमानात तीस किलो चालतं. हे म्हणायचे, “तीस किलोत वाडी मावत न्हाय.” ते खरंच आहे. प्रत्येक घराची यादी असते. कुणाला टॉर्च, कुणाला वाघाची चादर, कुणाला दुधाची पावडर, कुणाला कंबरेचा बाम. वस्तूवर पेनानं नाव लिहिलेलं असतं. मग एक दिवस पडवीत घोंगडी पडते, आलेला माणूस मधे बसतो, दोरी कापतो आणि एकेक नाव पुकारून वस्तू देतो. चहा होतो. पोरं खोक्यात शिरून बसतात.

आणि तो माणूस आल्याशिवाय खोका फोडत नाहीत. जित्याचा खोका दुसऱ्यानं फोडायचा नाही. गेल्या दहा वर्षांत वाडीत एकच खोका घरच्या बायकांनी फोडला, आणि ज्याचा होता तो त्याच आठवड्यात पेटीतून आला होता.

ह्यांचा खोका कार्तिकातल्या एका बुधवारी टेम्पोनं आला. कमरेइतका उंच, वरून निळं प्लास्टिक शिवलेलं, पिवळी दोरी. हे रविवारी उतरणार होते. मी अंगण सारवलं, घावन्यांचं पीठ दळून आणलं. रविवार गेला, सोमवार गेला. फोन बंद.

मंगळवारी सकाळी पहिली बाई आली.

“दादूचा खोका आला म्हनं?”

“आला.”

“माझी शिलाईची कात्री घातली असेल बघ त्यात. जपून ठेव हां, धार जाईल.”

दुसरी आली, तिला बाम हवा होता. तिसऱ्यानं दारातूनच विचारलं, टॉर्च दोन सेलचा की तीन सेलचा. पाच दिवसांत तेवीस माणसं आली. तेवीस. मी मोजली नाहीत, पण प्रत्येकाला पाण्याचा तांब्या दिला, त्यामुळे लक्षात राहिली. ‘दादू कुठं आहे’ असं त्यातल्या दोघांनी विचारलं, आणि त्यातल्या एकानं तेही जाता जाता, चपला घालताना.

हे परदेशी गेले त्या दिवसापासून माझा नेम आहे. सकाळी घरातल्या पिंडीवर बेल वाहिल्याशिवाय पाणी नाही. जेवण एक वेळ. तोंडातून खोटा शब्द नाही, चढा आवाज नाही. ते सुखरूप परत आले की हरिहरेश्वराला जाऊन उद्यापन करायचं. पाच वर्षं झाली. माझा आवाज चढत नाही म्हणून मला राग येत नाही असं वाडीला वाटतं. राग येतो. त्या पाच दिवसांत तो इतका आला की बेल वाहताना पान पिंडीवर ठेवण्याऐवजी मी आपटत होते. शेवटी देवालाच म्हटलं, आज माझ्या हाताकडे बघू नकोस.

शनिवारी तुळशीरामभाऊजी कोयता घेऊन आले. ह्यांचे थोरले भाऊ. भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. मागे जनीवहिनी, माझी जाऊ. त्यांच्या लेकीचं, हेमालीचं, लग्न मार्गशीर्षात ठरलेलं.

“राही, बाजूला हो. हेमालीच्या चादरी नि भांडी काढून घेतो. बाकीचं तुमचं तसंच ऱ्हाऊ दे.”

“ते आल्यावर काढू.”

“कवा येनार? फोन लागत न्हाय, काय न्हाय. लगीन काय त्याच्यासाठी थांबनार हाय?”

“भाऊजी, तुम्ही खोका फोडलात तर वाडी काय समजेल?”

“काय समजेल?”

“तुमचा भाऊ गेला असं.”

भाऊजींनी कोयता खाली केला. वहिनी मागून म्हणाल्या, “अगो बाई, चादरीला हात लावला तर मानूस मरतो काय? शिकल्यासारखी बोल जरा.”

मी वळले आणि खोक्यावर जाऊन बसले. चांगली मांडी घालून, जपमाळ हातात घेऊन. कोयता हातात धरलेला माणूस जप करणाऱ्या बाईसमोर फार वेळ उभा राहू शकत नाही. पाच मिनिटांत गेले. जाताना वहिनी ऐकू येईल अशा बेतानं म्हणाल्या, “बसली बघ पिंडीवर नागीन.”

त्याच दिवशी संध्याकाळी फोन आला. नंबर परका होता.

“राही, मी.”

मला आधी आवाज ओळखू आला नाही. घसा बसलेला.

“कुठं आहात? बरे आहात ना?”

“बरा हाय. कॅम्पातच हाय. आचाऱ्याच्या फोनवरून बोलतोय, माझा काढून घेतलाय. पासपोर्ट न्हाय देत. खोका आला?”

“आला.”

“फोडला?”

“नाही.”

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि मग सगळं सांगितलं. इतक्या हळू की मला फोन कानात खुपसावा लागला.

त्यांच्या खोलीत काळूराम नावाचा मुलगा होता, चौलचा. सळया बांधायचं काम. आषाढात दुपारच्या उन्हात स्लॅबवर असताना कोसळला आणि गेला. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम द्यायचं नाही असा तिकडे कायदा आहे. म्हणून कंपनीनं कागदावर लिहिलं की पोरगा आजारी होता, कामावर नव्हता, खोलीत झोपेत गेला. प्रेत आठ दिवसांत विमानानं चौलला पोचवलं. सामान मात्र पाठवलं नाही. त्याच्या कपाटाला कुलूप घातलं.

“त्याच्या आयशीचा फोन मला आला,” हे म्हणाले. “सोनूबाई नाव. म्हनली, बाबा, माझा पोर खराच झोपंत गेला? त्याच्या पायात बूट होते. झोपताना कोन बूट घालतो? मला काय बोलायला जमंना. मी म्हनलं, आई, मी रजेवर येतोय. त्याची बॅग तुमच्या हातात देतो आनि काय झालं ते समोर बसून सांगतो. शब्द देऊन बसलो, राही.”

“मग?”

“मग काय? कुलूप तोडलं. बॅग आपल्या खोक्यात घातली, हेमालीच्या चादरींच्या खाली. आपल्या लोकांच्या याद्या एवढ्या, खोका एवढा मोठा, कोन खाली हात घालून बघतो? जहाज सुटलं तेवा कपाट रिकामं दिसलं. आता म्हनतात, बॅग परत आन, पासपोर्ट घे.”

“नाही दिली तर?”

“मारनार न्हायत गो. करार फाल्गुनात संपतो, तवर ठेवतील. मंग सोडायलाच लागंल.”

फाल्गुन. म्हणजे चार महिने. मी भिंतीला टेकले. इतक्यात तिकडे कुणीतरी काहीतरी बोललं आणि हे घाईनं म्हणाले, “तू जे करशील ते मला मान्य हाय. बॅग द्यावीशी वाटली तं दे. मी रागावनार न्हाय.” आणि फोन बंद.

रागावणार नाही! मी मात्र रागावले. परक्याच्या आईला शब्द देताना घरी एक बायको आहे, तिनं पाच वर्षं दुसऱ्या वेळेला घास खाल्लेला नाही, हे आठवलं नाही का? आणि वर निवड माझ्यावर टाकली. स्वतः चांगले राहिले, आणि भावाची चादर, पुतणीचं लग्न, माझं उद्यापन, सगळं माझ्या ओटीत घालून मोकळे.

भाऊजींना सांगणं भाग होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकदम म्हणाले, “म्हंजे दुसऱ्याच्या मेल्या पोरासाठी आपला जिता मानूस तिकडं कोंडून घालायचा? देऊन टाका ती बॅग!”

रविवारी परेश आला. म्हसळ्यात त्याचं ऑफिस आहे, आखातात माणसं पाठवतो. ह्यांनाही त्यानंच पाठवलेलं, आणि काळूरामची पेटी चौलला घेऊन गेलेलाही तोच. पांढरी गाडी, कपाळावर चढवलेला काळा चष्मा. घरात शिरताना चपला काढल्या नाहीत, मग पिंडीकडे लक्ष गेलं तेव्हा काढल्या.

“भाभी, टेन्शन बिलकुल नाय घ्यायचं,” तो बसत म्हणाला. “छोटा मॅटर आहे. दादूशेठ जरा इमोशनल झाले. मला एवढंच सांगा, खोका आला का?”

भाऊजी माझ्या आधी बोलले. “कसला खोका? न्हाय आला. जहाजातच कुटं ऱ्हायला असंल. तुमीच बघा.”

आदल्या दिवशी बॅग देऊन टाका म्हणणारे भाऊजी आता खोका लपवत होते, कारण परेशनं खोका उचलून नेला तर हेमालीच्या चादरीही गेल्या. मला ते तेव्हाच कळलं. खोका आतल्या खोलीत होता. मधे फक्त पडदा. परेशनं माझ्याकडे पाहिलं.

“भाभी?”

दोन शब्द होते. ‘नाही आला.’ त्या दोन शब्दांनी थोडे दिवस तरी मिळाले असते. जनीवहिनी परेशच्या पाठीमागून डोळ्यांनी खुणावत होत्या.  पाच वर्षं रोज एकेक दिवस जोडत आणलेला नेम ह्या माणसासाठी मोडायचा? ज्यांच्या खोट्या कागदानं हे सगळं झालं, त्यांच्यासारखंच मीही बोलायचं?

“आलाय,” मी म्हटलं.

भाऊजींनी कपाळावर हात मारला. परेश हसला.

“शाब्बास. सीधी बात. आता त्यातली एक छोटी बॅग मला द्या. शुक्रवारच्या फ्लाइटला दादूशेठ. मी स्वतः गाडी पाठवतो एअरपोर्टवर. लग्नाला मामा-काका सगळे पायजेत ना?”

शुक्रवार. पाच दिवस. मला ते अंगणात दिसले, खांद्याला पिशवी लावून. खरं सांगते, माझा हात पडद्याकडे गेला होता.

“त्या बॅगेत काय आहे?” मी विचारलं.

“काय नाय हो. जुने कपडे.”

“जुने कपडे?”

“जुने, फाटके. कंपनीला फक्त हिशोबाला लागतात.”

“मग फाटक्या कपड्यांसाठी जिता माणूस कोंडून ठेवलात?”

परेशनं चहाचा कप खाली ठेवला. “भाभी, तसं नसतं. रूल असतो.”

“दुपारी काम द्यायचं नाही, हा पण रूल होता ना?”

माझा आवाज चढला नव्हता. उलट इतका खाली गेला होता की परेशला पुढे वाकून ऐकावं लागलं.  समोरची चहाची किटली उचलून त्याच्या चष्म्यावर मारावी असं मला वाटत होतं, आणि किटली गरम होती.

“त्याच्या आईला तुम्ही सांगितलंत झोपेत गेला,” मी म्हटलं. “तुम्हीच गेला होता ना पेटी घेऊन चौलला? तिनं पायातले बूट दाखवले तेव्हा काय बोललात?”

तो उठला. चेहरा बदलला होता. “उद्या संध्याकाळी येतो. कंपनीचं लेटर घेऊन, टेम्पो घेऊन. अख्खा खोका उचलून नेईन, मग चादरी नि टॉर्च बसा शोधत. विचार करा. तुमचा नवरा, तुमचा संसार. चौलच्या म्हातारीचं काय, तिचा तर गेलाच.”

गाडी वळली तशी घरात वीज पडली.

“वरत!” जनीवहिनी ओरडल्या. “अगो, दोन अक्षरं खोटी बोलली असतीस तं तुझा शंकर काय कैलास सोडून जानार होता? आता जाऊ दे अख्खा खोका! माझ्या पोरीचा रुखवत जाऊ दे! तुझं पुन्य तेवडं ऱ्हाऊ दे!”

“वहिनी, हेमालीच्या चादरी मी आत्ता काढून देते.”

“काढून देतेस? काल खोक्यावर चढून बसलीस ती?”

“तेव्हा त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी म्हणाले, तू करशील ते मान्य. आज मी उघडते.”

 कुणी काय समजायचं ते समजो, मी दोरी सोडली. कापली नाही, गाठी सोडवल्या. प्लास्टिकची एकच बाजू उसवली. हेमाली आली होती, तिच्या हातात चादरी नि भांड्यांचा डबा दिला. त्याच्याखाली एक काळी पाठपिशवी होती, शाळेच्या पोराला असते तशी.

दिवेलागण व्हायची होती. मी ती देवासमोर नेऊन उघडली. परक्याच्या पोराचं सामान, विचारल्याशिवाय उघडू नये. पण मला कशासाठी चार महिने द्यायचे आहेत ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

दोन शर्ट, धुऊन घडी केलेले. दाढीचं सामान. प्लास्टिकच्या पुडीत पाच सुपाऱ्या, घरच्या वाडीतल्या असणार, चौलच्या माणसाशिवाय तिकडे सुपारी कोण नेतो. आणि एक यादी. वहीच्या पानावर, मोठ्या अक्षरात. वर लिहिलं होतं ‘आईला’. खाली दोनच वस्तू. गुडघ्याचं तेल, त्यावर काट मारलेली. गरम पाण्याची पिशवी, त्यावर काट नव्हती. तेलाची बाटली तळाशी होती, सील न फोडलेली.

बाटलीभोवती गुंडाळलेला एक रुमाल होता आणि त्यात हजेरीचं कार्ड. ते ह्यांनीच तिथं ठेवलं असणार. आषाढातली ती तारीख. आत गेल्याची वेळ छापलेली, सकाळी साडेपाच. दुपारी एक वाजता पुन्हा आत. बाहेर पडल्याची जागा कोरी.

पोरगा झोपला नव्हता. एक वाजता बूट घालून उन्हात चढला होता आणि खाली आलाच नाही. कंपनीच्या यंत्रानंच ते छापून ठेवलं होतं, आणि तेच आता त्यांना परत हवं होतं.

मी ते कार्ड हातात धरून बसले. वाडीवर राग होता, भाऊजींवर होता, ह्यांच्यावर होता. आता त्यातला एकही शिल्लक राहिला नाही, सगळा त्या कोऱ्या जागेपाशी येऊन थांबला. माझ्या देवाला मी पाच वर्षं बेल वाहते, माझा माणूस सुखरूप येऊ दे म्हणून. काळूरामच्या आईनंही कुणाला तरी काहीतरी वाहिलं असेल. तिच्यासाठी चार महिने नाहीत, चार वर्षं नाहीत. तिला फक्त एवढं हवंय की पोराला आजारी आणि झोपाळू म्हणू नका.

मी कार्ड परत रुमालात ठेवलं. दाभण आणून खोक्याची बाजू शिवून टाकली, दोरी पूर्वीसारखी बांधली. तो फोडायचा मान ह्यांचाच राहिला.

सोमवारी पहाटे अंघोळ करून बेल वाहिला. आज हात आपटला नाही. घोटभर पाणी घेतलं. पाठपिशवी घडीच्या साडीत गुंडाळून कापडी पिशवीत घातली. रोह्याला गाडी बदलून रेवदंडा आणि तिथून चौल; सोनूबाईंचं घर विचारावं लागेल.

पडवीत तुळशीरामभाऊजी बसले होते. तंबाखू मळत. मला वाटलं अडवतील.

त्यांनी पिशवीकडे पाहिलं. बराच वेळ अंगठा तळहातावर फिरत राहिला.

“परेश इचारील, कुटं गेली म्हनून,” ते म्हणाले.

“खरं सांगा.”

“मला काय तुझ्यासारखा नेम न्हाय.” मग खाली बघत बोलले, “सातची गाडी फाट्यावर थांबत न्हाय. हात करत पुढं जाऊन उभी ऱ्हा, पुलापाशी. तिथं हळू होते.”

मी मान हलवली. चपला पायात घातल्या आणि पुलाच्या बाजूला निघाले.